ऑप्शन फॉर्ममध्ये वर काय आणि खाली काय: मोठं कॉलेज, मिळणारं कॉलेज आणि मधली गफलत

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या ऑप्शन फॉर्मबद्दल, म्हणजे कॉलेज-ब्रँच आवडीच्या क्रमाने लिहायच्या फॉर्मबद्दल आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी बार्शीची, अकरावी-बारावी लातूरला. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात ९४ च्या आसपास पर्सेंटाइल, ओबीसी, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत. कॉम्प्युटर ब्रँच हवीय आणि शक्यतो पुणं. एका नातेवाइकांचं म्हणणं, सीओईपी-पीआयसीटीसारखी पुण्यातली नामवंत कॉलेजं लिहून ऑप्शन वाया घालवू नका, जे मिळणार आहे तेच वर टाका. दुसऱ्यांचं म्हणणं, मोठ्या कॉलेजात कुठलीही ब्रँच मिळाली तरी डोळे झाकून घ्या. आणि एक खासगी विद्यापीठ ‘आत्ताच पैसे भरा, जागा धरून ठेवतो’ म्हणतंय.

पहिला सल्ला चुकीचा आहे आणि २०२५ च्या नियमांनंतर तर तो नुकसान करणारा आहे. दुसरा अर्धाच खरा. तिसऱ्याबद्दल पैशांच्या भागात लिहितो, कारण तुमच्या मुलीच्या बाबतीत तिथे मोठी रक्कम अडकली आहे.

आधी अलॉटमेंट कशी होते ते नीट समजून घ्या. संगणक मेरिट नंबरच्या क्रमाने विद्यार्थी घेतो. ज्याची पाळी आली त्याच्या यादीतला पहिला पर्याय बघतो. तिथे त्याला लागू होणाऱ्या कोणत्याही प्रकारची सीट शिल्लक असेल तर देतो, नसेल तर दुसरा पर्याय बघतो, मग तिसरा. पहिला पर्याय हुकला म्हणून दुसऱ्याच्या रांगेत तुम्ही मागे ढकलले जात नाही. मेरिट यादीत तुमच्या खाली असलेल्या मुलाने एखादं कॉलेज पहिलं लिहिलं आणि तुम्ही ते चाळिसावं लिहिलं, तरी ते तुम्हालाच आधी मिळतं. ‘पहिला पर्याय लिहिला की कॉलेज प्राधान्य देतं’ ही निव्वळ अफवा. कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्यांत कॉलेजचा हात कुठेच लागत नाही. फॉर्ममध्ये ३०० पर्यंत पर्याय भरता येतात, त्यामुळे जागा वाया जाण्याचाही प्रश्न नाही.

म्हणजे क्रम लावताना एकच गोष्ट पाहायची: कोणतं जास्त आवडेल. कटऑफचा उपयोग क्रम लावायला करायचा नसतो. यादी किती खोल न्यायची, ते ठरवायला तो लागतो. निम्म्या चुका या दोन गोष्टींची सरमिसळ केल्याने होतात. ९७ पर्सेंटाइलवाल्या मुलाने मागच्या वर्षी ९४ ला बंद झालेलं कॉलेज ‘सुरक्षित’ म्हणून पहिल्या क्रमांकावर लिहिलं, तर त्याला ते मिळेल, आणि त्याचे कॅपचे दरवाजे त्याच दिवशी बंद होतील.

ते कसे, तर ऑटो-फ्रीझमुळे, म्हणजे मिळालेली सीट आपोआप कायम होण्यामुळे. २०२५-२६ च्या प्रवेशांपासून फेऱ्या चार झाल्या आणि बंधनकारक पर्यायांची संख्या वाढली. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काहीही मिळालं तर घ्यावं लागतं. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. चौथ्या फेरीत जे मिळेल ते. बंधनकारक सीट नाकारली तर पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर. त्याआधी फक्त पहिलाच पर्याय बंधनकारक असे, त्यामुळे मोठ्या भावंडांचे किंवा शेजारच्या मुलाचे अनुभव इथे जसेच्या तसे उपयोगी पडत नाहीत. प्रवेश राबवणाऱ्या सीईटी सेलची तुमच्या वर्षाची माहितीपुस्तिका उघडून एवढा एक भाग स्वतः वाचा, कारण हे आकडे बदलू शकतात.

आता याचा परिणाम बघा. समजा तुमच्या मुलीला पुण्यातलं एक मध्यम कॉलेज, कॉम्प्युटर, बरंच शक्य आहे. त्यापेक्षा चांगली पाच-सात कॉलेजं तिला आवडतात, पण मिळणं कठीण दिसतं. नातेवाइकांचा सल्ला मानून ती पाच-सात गाळली तर हे मध्यम कॉलेज यादीत पहिलं किंवा दुसरं येतं. दुसऱ्या फेरीत ते मिळालं की ऑटो-फ्रीझ. तिसऱ्या-चौथ्या फेरीत जेईईवाली मुलं आयआयटी-एनआयटीला निघून गेल्यावर वरच्या कॉलेजांत जागा सुटतात, पण तुमची मुलगी त्या शर्यतीत नसते. तीच सात नावं वर लिहिली असती तर मध्यम कॉलेज आठव्या क्रमांकावर आलं असतं. दुसऱ्या फेरीत ते मिळालं तरी बंधनकारक झालं नसतं. सीट स्वीकारायची, बेटरमेंट (आणखी चांगल्या सीटचा प्रयत्न) निवडायचं, सीट हातात ठेवून पुढच्या फेरीत जायचं. थोडक्यात, कठीण पर्याय वर लिहिल्याने बेटरमेंटचा हक्क शाबूत राहतो.

याला अट एकच: वरचे पर्याय खरोखर जास्त आवडीचे हवेत. आकडा भरून काढायला कुठल्याही मोठ्या कॉलेजची मेटलर्जी किंवा इन्स्ट्रुमेंटेशन वर टाकली आणि तीच मिळाली, तर तीच घ्यावी लागेल. म्हणून वरच्या सहा पर्यायांपुढे प्रत्येकी एक प्रश्न लिहा: हे मिळालं आणि उद्यापासून सगळ्या फेऱ्या बंद झाल्या, तर चालेल का? ‘चालेल’ असं बेधडक म्हणता येत नसेल तर तो पर्याय सहाव्याच्या खाली.

बेटरमेंटमधली दुसरी मोठी चूक वेगळीच आहे. पुढच्या फेरीत नवीन सीट मिळाली की आधीची आपोआप रद्द होते. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या फेरीचा फॉर्म नव्याने भरताना हातातल्या सीटपेक्षा कमी आवडीचं काहीही त्यात ठेवू नका. पहिल्या फेरीची शंभर पर्यायांची यादी तशीच पुढे ढकलायची आणि वरच्या चार नावांची अदलाबदल करायची, असं सर्रास होतं. मग हातातली बरी सीट जाऊन यादीतल्या साठाव्या क्रमांकाचं कॉलेज गळ्यात पडतं. संगणकाने काही चुकीचं केलेलं नसतं. तुम्ही लिहिलंत, त्याने दिलं.

आता कटऑफ. सीईटी सेल फेरीनिहाय कटऑफच्या पीडीएफ प्रसिद्ध करतं. त्या हजारेक पानांच्या वाटतात, पण वाचायची रीत कळली की काम सोपं आहे. प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक चॉइस कोडखाली (त्या ब्रँचचा क्रमांक) प्रवर्गांचे स्तंभ असतात. चौकटीत वर शेवटच्या विद्यार्थ्याचा मेरिट नंबर, खाली कंसात पर्सेंटाइल. स्तंभाच्या नावात पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचं अक्षर सर्वांत जास्त दुर्लक्षित: एस म्हणजे राज्यस्तर, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे होम युनिव्हर्सिटीबाहेरचे.

तुमच्या मुलीसाठी हे शेवटचं अक्षर कळीचं आहे. दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेल्यांची होम युनिव्हर्सिटी बारावी कुठून केली त्यावर ठरते, घर कुठे आहे त्यावर नाही. बारावी लातूरची, म्हणजे तिची होम युनिव्हर्सिटी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड. पुण्याच्या कॉलेजांसाठी ती बाहेरची आणि घर बार्शीत असलं तरी सोलापूर विद्यापीठाच्या कॉलेजांसाठीही बाहेरचीच. तेव्हा पुण्यातल्या कॉलेजांत एचचा स्तंभ बघून खूश होऊ नका. तो पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतून बारावी केलेल्यांचा आहे. तुमचा स्तंभ ओचा किंवा एसचा. बाहेरच्यांच्या जागा कमी असल्याने तिथला कटऑफ बहुधा चढा असतो. सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय अशा ठिकाणी राज्यस्तरीय जागा असतात, तिथे हा अडथळा येत नाही.

दुसरीकडे तिच्यासाठी दरवाजेही जास्त आहेत. खुल्या प्रवर्गाची सर्वसाधारण सीट, खुल्या प्रवर्गाची मुलींची, ओबीसीची सर्वसाधारण आणि ओबीसीची मुलींची, अशा चारही स्तंभांत तिचा विचार होतो. चारपैकी ज्यात मेरिट नंबर सर्वांत खालपर्यंत गेला आहे, म्हणजे आकडा सर्वांत मोठा आहे, तो तिचा खरा कटऑफ. मात्र एखाद्या स्तंभात एकच सीट असेल तर त्या आकड्यावर फार विसंबू नका. एका मुलीने घेतलेल्या निर्णयाने तो दर वर्षी उड्या मारतो. किमान दोन वर्षांच्या पीडीएफ शेजारी ठेवा आणि दोन्हींतला कडक आकडा धरा.

पर्सेंटाइलची तुलना करायची की मेरिट नंबरची? मेरिट नंबरची. कारण बघा. २०२४ मध्ये पीसीएम गटाची सीईटी सुमारे २ लाख ९५ हजार मुलांनी दिली, २०२५ मध्ये सुमारे ४ लाख २२ हजारांनी. ९५ पर्सेंटाइल म्हणजे पाच टक्के मुलं पुढे. २०२४ मध्ये ती साधारण १४,७५० होती, २०२५ मध्ये २१,१००. पर्सेंटाइल तेच, पण पुढची रांग सहा हजारांनी लांब. नावाजलेल्या कॉलेजांच्या जागा त्या प्रमाणात वाढत नाहीत. म्हणून ‘मागच्या वर्षी ९४ ला मिळालं होतं’ हे वाक्य परीक्षार्थींची संख्या सांगितल्याशिवाय अर्धवट आहे. अंतिम गुणवत्ता यादी लागेपर्यंत आकडेमोडीत वेळ घालवू नका. तोवर कॉलेजं बघून आवडीचा क्रम लावा.

जागांचीही चौकशी करा. २०२४-२५ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेने चांगल्या संस्थांसाठी प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा काढली, तेव्हापासून अनेक खासगी कॉलेजांनी कॉम्प्युटर आणि एआयच्या तुकड्या वाढवल्या आहेत. सीट मॅट्रिक्समध्ये (जागांच्या तक्त्यात) तुमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या जागा १२० वरून २४० झालेल्या दिसल्या, तर मागच्या वर्षीचा कटऑफ यंदा सैल होईल. पण तितकेच प्राध्यापक आणि लॅबही वाढल्या का, हे कॉलेजला प्रत्यक्ष जाऊन विचारा. उत्तर देताना अडखळतात का, तेही बघा.

मेरिट नंबर हातात आला की पट्टे पाडा. समजा तो १८,००० आहे. लागू असलेल्या सैल स्तंभात मागच्या वर्षी पहिल्या फेरीत १२,००० च्या आत बंद झालेले पर्याय म्हणजे नशिबाचे. १२ ते १६ हजार म्हणजे प्रयत्नाचे. तिथे शेवटच्या फेरीचा आकडाही बघा, तो १८ हजारांच्या पुढे गेला असेल तर आशा खरी आहे. १६ ते २२ हजार हा खऱ्या लढतीचा पट्टा, आणि सगळ्यात जास्त अभ्यास इथेच करायचा, कारण बहुधा यातलंच एखादं कॉलेज मिळणार. २२ ते ३० हजार बहुधा मिळणारे. ३० हजारांच्या पुढे तळ. हा ठोकताळा आहे, कायदा नाही. यादी मोठी झाली असेल त्या वर्षी मागच्या वर्षीचे आकडे त्या प्रमाणात वाढवून घ्या: गुणवत्ता यादीत मागच्या वर्षी दीड लाख नावं होती आणि यंदा एक लाख ऐंशी हजार असतील, तर मागच्या वर्षीचा १५,००० यंदा १८,००० समजा.

नशिबाचे आठ-दहा, प्रयत्नाचे दहा-पंधरा, लढतीचे वीस-पंचवीस, आणि खाली पंधरा-वीस. साठ-सत्तर पर्यायांत काम होतं. तीनशे भरणारी घरं सहसा शेवटचे दोनशे न बघताच भरतात.

आता मूळ मुद्दा: वरचा कटऑफ म्हणजे चांगलं कॉलेज का? अंशतः. कटऑफ मागणी मोजतो. मागणीत पुण्या-मुंबईचा भाव मिसळलेला असतो, ब्रँचच्या नावात ‘एआय’ आहे का याचा भाव मिसळलेला असतो आणि जागा किती थोड्या आहेत याचाही. मुंबईत डी. जे. संघवी हे गुजराती आणि व्हीईएसआयटी हे सिंधी भाषिक अल्पसंख्याक दर्जाचं कॉलेज आहे. निम्म्याहून थोड्या जास्त जागा त्या समाजासाठी असतात, म्हणून बाकीच्यांचा कटऑफ आणखी चढतो. तिथे जातीनिहाय आरक्षणही लागू नसतं, तेव्हा तुमच्या मुलीचे ओबीसीचे दोन्ही दरवाजे तिथे नाहीतच. उलट सांगलीचं वालचंद, नांदेडचं एसजीजीएस, कराड-अमरावतीची शासकीय कॉलेजं यांना शहराचा भाव मिळत नाही. ९२-९३ ला पुण्याच्या कडेला असलेलं नवं कॉलेज आणि त्याच आसपास बंद होणारी वालचंद किंवा एसजीजीएसची एखादी ब्रँच, यांत मी तरी दुसरीकडे झुकेन. लातूरला दोन वर्षं राहिलेल्या मुलीला नांदेड परकं वाटू नये.

दोन कॉलेजांच्या त्याच ब्रँचच्या कटऑफमध्ये एक-दीड पर्सेंटाइलचा फरक असेल तर त्यांना सारखंच समजा आणि फी, अंतर, वसतिगृह बघून क्रम लावा. आठ-दहा पर्सेंटाइलचा फरक असेल तर तो वर्गातल्या मुलांच्या पातळीत, कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांत आणि माजी विद्यार्थ्यांच्या जाळ्यात दिसतो. एवढ्या फरकासाठी ब्रँचशी तडजोड करण्याचा विचार करायला हरकत नाही. पण कुठली तडजोड?

इथे तो ‘मोठ्या कॉलेजात कुठलीही ब्रँच’ हा सल्ला तपासू. सीओईपीत इलेक्ट्रिकल किंवा ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) घेतलेला मुलगा पुढे सॉफ्टवेअरला सहज जातो. बऱ्याच आयटी कंपन्या कोणत्याही ब्रँचची मुलं घेतात, आणि तिथे कोडिंग क्लब, सोबतची मुलं, वरच्या वर्गातली मुलं या सगळ्याचा उपयोग होतो. मात्र काही प्रॉडक्ट कंपन्या कॅम्पसला कॉम्प्युटर, आयटी आणि फार तर ईएनटीसीपुरताच दरवाजा उघडतात. तेव्हा कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला एवढंच विचारा: मागच्या वर्षी कोणत्या कंपन्यांनी सगळ्या ब्रँचना बसू दिलं? सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल यांचा एक वेगळा फायदा आहे जो पुण्या-मुंबईच्या चर्चेत येत नाही: एमपीएससीच्या अभियांत्रिकी सेवेचा रस्ता. घरात शासकीय नोकरीची ओढ असेल तर कॉम्प्युटरच्या हट्टाआधी याचा विचार व्हावा.

ज्या विषयाकडे बघून मुलीच्या कपाळाला आठ्या पडतात, तो विषय नावासाठी घेऊ नका. चार वर्षं आणि आठ सेमिस्टर तो रोज समोर येतो. एटीकेटी लागली की ‘लाइव्ह बॅकलॉग (अजून न सुटलेला विषय) नको’ या एका अटीवर कंपन्या बाहेर ठेवतात, आणि मग कॉलेजचं नाव काही करू शकत नाही. ‘दुसऱ्या वर्षी ब्रँच बदलू’ ही आशा तर धरूच नका. बदल झालाच तर मोजक्या रिकाम्या जागांवर, पहिल्या वर्षाच्या गुणांनुसार होतो, आणि कॉम्प्युटरच्या जागा रिकाम्या राहतात कुठे? त्यापेक्षा मायनर (दुसऱ्या ब्रँचचा जोडअभ्यास) किंवा ऑनर्स (आपल्याच ब्रँचचा जादा अभ्यास) बघा. एआयसीटीईच्या चौकटीत १८ ते २० जादा क्रेडिटमध्ये कॉम्प्युटर सायन्सची मायनर करता येते. हव्या असलेल्या कॉलेजात ती खरोखर चालते का आणि किती मुलांना घेतात, हे आधी विचारा.

प्लेसमेंटच्या जाहिराती बाजूला ठेवा. कॉलेजच्या वेबसाइटवर एनआयआरएफला (केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीला) दिलेली माहिती असते, तिथे चार वर्षांच्या पदवीचा तक्ता शोधा. त्यात प्रवेश घेतलेले, थेट दुसऱ्या वर्षात आलेले, वेळेत पदवी मिळालेले, नोकरी लागलेले, त्यांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) पगार आणि उच्च शिक्षणाला गेलेले, असे आकडे ओळीने असतात. समजा ६०० प्रवेश, ६० थेट दुसऱ्या वर्षाचे, वेळेत उत्तीर्ण ४८०, नोकरी ३००, उच्च शिक्षण ६०. जाहिरातीत ‘९१ टक्के प्लेसमेंट’ दिसेल, कारण त्यांनी नावनोंदणी केलेल्या ३३० मुलांतून ३०० मोजले. आत आलेल्या ६६० मधून मोजलं तर ४५ टक्के होतात. ६६० पैकी ४८० वेळेत बाहेर पडले हा आकडा मला पगारापेक्षाही जास्त सांगून जातो: चारातला एक जण मागे राहतोय. सर्वोच्च पॅकेज बघू नका, सरासरीही नको. दोन-तीन मोठे पगार सरासरी वर ओढतात. मध्यक बघा. हा आकडा सगळ्या ब्रँचचा मिळून असतो, तेव्हा ब्रँचनिहाय यादी कॉलेजकडे वेगळी मागा. देत नसतील तर तेही एक उत्तरच.

पैसे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट ही की प्रवेश कॅपमधून हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांत घेतलेल्या प्रवेशाला ती लागू नाही. म्हणजे ज्या खासगी विद्यापीठात ‘जागा धरा’ म्हणतायत, तिथे चारही वर्षांची पूर्ण फी तुमच्या खिशातून जाईल. पुण्याच्या मध्यम खासगी कॉलेजात कॅपमधून गेलात तर शिकवणी फी शासन भरेल. या एका कारणासाठी तुमच्या घरापुरतं उत्तर स्पष्ट आहे: ते विद्यापीठ कॅपच्या तळाच्या पर्यायांपेक्षाही खाली. तरी धीर नसेल आणि पैसे भरायचेच असतील, तर कोणत्या तारखेपर्यंत रद्द केल्यास किती परत मिळतात ते लेखी घ्या, आणि मूळ कागदपत्रं त्यांच्याकडे ठेवू नका. कॅपच्या तपासणीला तीच लागतात.

माफीत डेव्हलपमेंट फी, वसतिगृह, मेस येत नाही. पुण्यात खोली आणि जेवण महिन्याला दहा हजार धरा, वर्षाचे दहा महिने, चार वर्षांचे चार लाख होतात. कॉलेजनिहाय मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसते. त्यात शिकवणी आणि डेव्हलपमेंट वेगवेगळे लिहिलेले असतात, म्हणून तुमचा खरा खर्च त्यातूनच काढा. टीएफडब्ल्यूएसची (शिकवणी फी माफी योजनेची) सीट, चॉइस कोडच्या शेवटी टी असलेली, आठ लाखांच्या आतल्या कोणालाही मागता येते आणि तिथेही शिकवणी फी माफ असते. तुमच्या मुलीला फी आधीच माफ असल्याने त्यातून जादा बचत नाही, पण तो आणखी एक दरवाजा आहे. तिच्या यादीत साध्या कोडला लागूनच लिहा. मुलगा असता तर हिशोब बदलला असता. ओबीसी मुलांना आणि राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून खुल्या गटातल्या मुलांना शिकवणी फीत निम्मी सवलत मिळते, त्यामुळे शासकीय आणि खासगी कॉलेजांतला फरक त्यांना जाणवतो आणि टीएफडब्ल्यूएसचा कोड साध्या कोडच्या वर लिहिणं फायद्याचं ठरतं.

तळ कुठवर न्यायचा हे कागदपत्रांवरही अवलंबून आहे. नॉन-क्रीमिलेयर प्रमाणपत्र प्रवेशाचं शैक्षणिक वर्ष ज्या ३१ मार्चला संपतं तिथवर वैध हवं. जात प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्रही लागतं. यातलं काही मुदतीत आलं नाही तर अर्ज खुल्या प्रवर्गात जातो. ओबीसीचे दोन्ही स्तंभ जातात आणि फीमाफीही जाते. वैधता अजून समितीकडे अडकली असेल, तर यादीच्या तळाचे किमान दहा पर्याय केवळ खुल्या प्रवर्गाच्या आणि मुलींच्या खुल्या स्तंभांवर बसतील असे ठेवा. आणि तळातही असं एकही कॉलेज लिहू नका जिथे ती जाणारच नाही. चौथ्या फेरीत काहीही मिळालं तरी ते बंधनकारक असतं. कॅपनंतर संस्थास्तरावर जागा भरल्या जातात हे खरं, पण त्या प्रवेशाला फीमाफी मिळेल असं धरून चालू नका.

फॉर्म लॉक करण्याआधी प्रिंट काढून प्रत्येक ओळ चॉइस कोडने तपासा, नावाने नाही. व्हीआयटी म्हणजे पुण्यातलं विश्वकर्मा आणि वडाळ्याचं विद्यालंकार, दोन्ही. कोंढव्याचं व्हीआयआयटी तिसरंच. सिंहगडची कॉलेजं वडगाव, कोंढवा, लोणावळा अशी पसरलेली आहेत. एकाच कॉलेजात ‘कॉम्प्युटर इंजिनिअरिंग’, ‘कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग’ आणि कंसात डेटा सायन्स किंवा एआय-एमएल लिहिलेल्या दोन-तीन ब्रँच वेगवेगळ्या कोडने असतात. सगळ्या हव्या असतील तर सगळ्या लिहा, एक लिहिल्याने बाकीच्या येत नाहीत. आणि फॉर्म मुदतीच्या आदल्या दिवशीच लॉक करा; शेवटच्या संध्याकाळी ओटीपी उशिरा येतात, आणि लॉक न झालेला फॉर्म त्या फेरीत धरतील याचा भरवसा नाही.